एका अंगाला पीठ, एका अंगाला गाणी

मित्रांनो, माझं रूप बघून नाक मुरडू नका. मी पत्र्याची पेटी, एका कोपऱ्याला पोचा पडलेली, झाकण उघडलं की करकरणारी. कांद्याच्या गोण्यांखाली वर्षं काढलेल्या पेटीचं रूप आणखी कसं असणार? पण माझ्या पोटात कधी लुगडी नव्हती, दागिने नव्हते, घराची कागदपत्रंही नव्हती. माझ्या पोटात गाणी होती. आष्टीच्या बाजारात ट्रंका पुष्कळ विकल्या गेल्या असतील, पण गाणी ठेवायला म्हणून मुद्दाम घडवलेली मी एकटीच. त्याचा मला तोरा आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा मालक आसाराम. मेंढरं राखणारा माणूस. दिवाळी सरली की बायको, लेकरं, घोडी आणि मेंढरं घेऊन तो चाऱ्यासाठी भीमेच्या काठाकडं उतरायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. रानात करमणूक म्हणून त्यानं एक टेप घेतला होता. टेप म्हणजे कॅसेटी वाजवायचं यंत्र. तुमच्यापैकी कित्येकांनी कॅसेट हातातसुद्धा धरली नसेल, म्हणून सांगते. तळहाताएवढी प्लास्टिकची डबी, आत तपकिरी पट्टी गुंडाळलेली, आणि त्या पट्टीत आवाज बसलेला.

टेप आला आणि आसारामाला कॅसेटींचं वेड लागलं. त्या ठेवायच्या कशात, हा मोठा प्रश्न होता. पहिल्यांदा कापडी पिशवीत ठेवल्या. उन्हात पिशवी तापली, पट्ट्या सैल झाल्या आणि आतला गाणारा दारू पिऊन आल्यासारखा गायला लागला. मग तुपाच्या डब्यात ठेवल्या. डबा घोडीवर बांधला की वाटभर खडखड वाजायचा आणि कोकरं बुजायची. शेवटी आष्टीत सटवा म्हणून एक पत्र्याचं काम करणारा होता, त्याच्याकडं आसाराम गेला.

"काय ठेवायचंय, दागिने का?" सटवानं विचारलं.

"गाणी ठेवायचीत. घोडीच्या अंगाला लागून बसंल अशी कर. धूळ आत जाता कामा नये."

सटवा हसला, पण काम त्यानं मन लावून केलं. मला अरुंद आणि लांबट केलं, झाकणाला आत वळलेली कड दिली, दोरी ओवायला चार कड्या लावल्या. घरी आणल्यावर आसारामाच्या बायकोनं, बायडाबाईनं, जुन्या घोंगडीचे तुकडे कापून माझ्या आत बसवले. तेव्हापासून मला थंडी वाजली नाही आणि कॅसेटींना हिसका बसला नाही.

घोडीच्या एका अंगाला मी असायची आणि दुसऱ्या अंगाला बाजरीच्या पिठाची गोणी. दोन्हीकडं वजन सारखं लागतं, नाहीतर ओझं कलतं आणि घोडीची पाठ सोलवटते. आता गंमत बघा. पीठ रोज खाऊन कमी व्हायचं आणि आसाराम प्रत्येक बाजारातून कॅसेट आणायचा. मग बायडाबाईला पिठाच्या बाजूला दगड बांधावे लागायचे. दगड बांधता बांधता ती बडबडायची.

"आवं, पीठ खाल्लं की सरतं. तुमची गाणी कावून सरत न्हाईत?"

"गाणी सरली तर मग काय ऱ्हायलं बायडे?" आसाराम म्हणायचा आणि घोडीला हाकायचा.

विकतच्या कॅसेटी होत्याच. पण त्याचा खरा जीव होता स्वतः भरलेल्या कॅसेटींवर. मुक्कामाला दुसरे मेंढके भेटले आणि ओव्या रंगल्या की तो टेपची दोन बटणं एकदम दाबायचा, म्हणजे आवाज पट्टीत भरला जायचा. जत्रेतली भारुडं भरली, ढोलावरचे गजे, म्हणजे धनगरी नाचाची गाणी, भरले, म्हाताऱ्या मेंढक्यांच्या शिट्ट्यासुद्धा भरल्या. एकदा कपिलधारला जाऊन धबधब्याखाली चाललेलं भजन भरून आणलं. ऐकतो तर सगळं पाणीच पाणी, भजनाचा पत्ता नाही. बायडाबाई पोट धरून हसली. तरी ती कॅसेट त्यानं टाकली नाही. उन्हाळ्यात लावायचा आणि म्हणायचा, गार वाटतं.

आसारामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग स्वतः भरलेली कॅसेट कोणती आणि विकतची कोणती, हे कळावं कसं? त्यानं मेंढक्याचाच उपाय केला. कळपात दुसऱ्याची मेंढरं मिसळली तर ओळखू यावीत म्हणून ते आपल्या मेंढराच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. तसाच तांबडा ठिपका तो स्वतः भरलेल्या प्रत्येक कॅसेटीवर द्यायचा. विकतच्या कॅसेटी कोऱ्या. खूण आहे ती आपली, खूण नाही ती आपली नाही. आयुष्यभर त्याचा हा हिशोब कधी चुकला नव्हता.

सगळ्यांचे आवाज माझ्या पोटात आले, एक सोडून. बायडाबाईचा.

आणि तिचा गळा काय सांगू तुम्हाला. जात्यावर बसली की वाड्यातली, म्हणजे कुंपणातली, मेंढरंही कान टवकारायची. आसाराम तिला किती विनवायचा. ती मान हलवायची. तिच्या सासूनं तिच्या मनात एक भरवून दिलं होतं, की यंत्रात गळा दिला की माणसाचा गळा आटतो. शिवाय नवऱ्यासमोर, परक्या मेंढक्यांसमोर गळा काढून गायचं तर तिला लाज वाटायची. एकदा आसाराम रुसून दोन दिवस बोलला नाही, तरी ती बधली नाही. मग त्यानं विचारणंच सोडलं.

आता ऐका. ही गोष्ट मी आजवर पोटात ठेवली होती, कारण पेटीला बोलता येत नाही.

एका दुपारी आसाराम मेंढरांचं औषध आणायला बाजारात गेला होता. थोरली लेक वनमाला मेंढरांमागं होती आणि तान्हा परमेश्वर झोळीत झोपला होता. बायडाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि टेप उचलून माझ्या पाठीवर ठेवला. मग माझं झाकण किलकिलं करून तिनं एक हिरवी कॅसेट काढली. ती एका दुकानदारानं वरताळा म्हणून फुकट दिलेली, नुसत्या वाद्यांची होती. आसारामानं ती एकदा ऐकून जी ठेवली, ती पुन्हा लावली नव्हती. विकतच्या कॅसेटीवर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरचा एक तुकडा मोडलेला असतो. त्या खाचेत कागद दाबून बसवला की पुन्हा भरता येतं. आसाराम हे करताना बायडाबाईनं पुष्कळदा पाहिलं होतं. तिनं कागदाची गोळी केली, खाचेत घट्ट बसवली आणि दोन्ही बटणं दाबली.

आधी नुसतं खाकरली. मग जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. आणि शेवटी, मित्रांनो, तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.

आज यात तुम्हाला काही वाटणार नाही. पण तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर जन्मभर 'आवं' आणि 'ऐकलं का'. एकटी होती, रान मोकळं होतं, म्हणून तिच्या तोंडून ते निघालं. निघालं आणि ती घाबरली. बटण बंद केलं. भरलेलं पुसायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं ती कॅसेट विकतच्यांच्या ढिगात तळाला सरकवली. ठिपका अर्थातच दिला नाही.

वर्षं गेली. घोडी म्हातारी होऊन गेली. पाय थकले तशी आसारामानं मेंढरं विकली आणि आष्टीजवळ मुलानं बांधलेल्या घरात राहायला आला. परमेश्वर टेम्पो चालवायला लागला, त्याला उज्ज्वला मिळाली, सुकन्या नावाची मुलगी झाली. टेप बिघडला तो कुणी दुरुस्त केला नाही. मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्यावर कांद्याच्या गोण्या आल्या. एका कोंबडीनं माझ्या मागं अंडी घालायला सुरुवात केली. मी काय बोलणार. ज्या पाठीवर ओव्या वाजल्या तिच्यावर कांदे, याचं मला फार वाईट वाटायचं. फक्त दिवाळीला आसाराम गोण्या हलवायचा, घोंगडीला ऊन द्यायचा, एकेका कॅसेटीत पेन्सिल घालून पट्टी फिरवायचा, म्हणजे ती चिकटू नये. तेवढा एक दिवस मी माणसात असायची.

याच काळात बायडाबाईच्या गळ्यात गाठ झाली. ती काढली, पण आवाज गेला. आता ती बोलते ते घोगरं, कुजबुजल्यासारखं. डॉक्टरांनी काय सांगायचं ते सांगितलं. पण तिच्या मनात एकच होतं, आपण यंत्रात गळा दिला आणि त्यानं तो नेला. हे तिनं कुणालाही कळू दिलं नाही.

आसाराम कधीतरी म्हणायचा, "साऱ्या मुलखाचे आवाज जमा केले म्या. घरातलाच ऱ्हायला." असं म्हणाला की ती उठून चुलीकडं जायची.

या वर्षी सुकन्यानं मनावर घेतलं. ती आता बीडला कॉलेजात जाते. सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "आबा, कॅसेटींना बुरशी धरायलीय. सगळी गाणी मोबाईलच्या कार्डात घालू. खिशात घालून फिरा."

"एवढी पेटी खिशात?" आसाराम म्हणाला. "आन् खिसा फाटला तर?"

"दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते. तिसरी ढगात ठेवते. इंटरनेटवर जागा असते आबा, तिला तसंच म्हणतात."

"ढगात?" म्हातारा खो खो हसला. "आष्टीच्या ढगाचा भरवसा धरतीस पोरी? तो येतो, बघतो आन् नगरकडं निघून जातो."

पण तीन ठिकाणी ठेवायची गोष्ट त्याला पटली. रोग आला की तोही मेंढरं तीन वाड्यांत विभागून बसवायचा, म्हणजे एका वाड्याला झळ लागली तरी दोन वाचतात. त्यानं ठरवलं, एक प्रत आपल्या खिशात, एक चौसाळ्याला दिलेल्या वनमालाकडं, आणि सुकन्या म्हणते तर एक ढगात.

परमेश्वराचा मित्र पप्पू लग्नात साउंड लावतो. त्याच्याकडं एक जुना चालू टेप होता. तो टेप आणि लॅपटॉप घेऊन आला, वायरी जोडल्या आणि माझं पोट उघडून बघितलं तर त्याचे डोळेच पांढरे झाले.

"परम्या, एक कॅसेट उतरवायला ती वाजते तेवढाच वेळ लागतो बे. एवढ्या सगळ्या उतरवत बसलो तर माझ्या लग्नसराईचं काय?"

म्हणजे निवडणं आलं. आसाराम माझ्याजवळ मांडी घालून बसला आणि निवाडा दिला. "सोपं हाय. ठिपका हाय ती आपली. ती उतरवा. ठिपका न्हाई ती विकतची, मोबाईलवर मिळंल. ती भंगारात द्या."

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला. मेंढक्याचा हिशोब बरोबर होता आणि तरी चुकत होता. सुकन्या एकेक कॅसेट उचलून बघायची, ठिपका असला की घोंगडीवर, नसला की गोणीत. बायडाबाई उंबऱ्याशी बसून चिंचा फोडत होती. तिचा हात चालू होता पण नजर माझ्याकडं होती. मी तिला ओरडून सांगणार होते, बाई, उठ. पण पत्र्याला कुठलं तोंड?

हिरवी कॅसेट सुकन्याच्या हातात आली. तिनं पालटून बघितली, ठिपका नव्हता, गोणीत टाकली. बायडाबाईच्या हातातली चिंच तशीच राहिली. ती उठेल असं मला वाटलं. उठली नाही. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा चिंचा फोडू लागली. तिची भीती मला कळत होती. बोलली तर नवरा विचारणार, एवढी वर्षं का लपवलंस. आणि वर ते नाव, सुनेसमोर, नातीसमोर, पप्पूसमोर. पण मला तिचा रागही आला. लाज कुणापुढं, ज्या माणसानं जन्मभर तिच्या एका गाण्याची वाट बघितली त्याच्यापुढं?

बाहेर भंगारवाल्याची हाळी आली. परमेश्वरानं गोणीचं तोंड बांधलं, खांद्यावर टाकली आणि दाराकडं निघाला. उंबरा ओलांडायला त्याला बायडाबाईच्या अंगावरून जावं लागणार होतं. ती बाजूला सरली नाही.

"सर की माय."

"गोणी खाली ठेव."

तिचा आवाज इतका बारीक होता की परमेश्वराला वाकून ऐकावं लागलं. "कावून?"

"एक काढायचीय."

तिनं स्वतः गाठ सोडली, हात घातला आणि ढवळून ढवळून ती हिरवी कॅसेट काढली. परमेश्वरानं बघितली. "माय, ही विकतची हाय. मोबाईलवर मिळती."

"ही न्हाई मिळत."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. आसाराम म्हणाला, "तिला ठिपका न्हाई बायडे."

"ठिपका तुमी देता. ही म्या भरलीय." तिनं पदर तोंडाशी धरला. "तुमी बाजारला गेलता तवा. चोरून. त्यानंच गळा गेला माझा, उगंच न्हाई गेला. सासूबाई सांगतच हुत्या."

मग उज्ज्वला तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्या, गाठ होती ती. मी होते ना दवाखान्यात तुमच्यासोबत. कॅसेटीनं गाठ होते व्हय? तसं असतं तर आख्ख्या मुलखाचे मेंढके मुके झाले असते."

बायडाबाईला हसू आलं आणि रडूही आलं. आसारामानं हात पुढं केला. तिनं कॅसेट त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली, खाचेतली कागदाची गोळी बोटानं चाचपली आणि पप्पूकडं दिली.

पप्पूनं कॅसेट पुसली, पट्टी फिरवून मोकळी केली. तो तयारी करतोय तोवर मला जे सांगायचंय ते सांगून घेते, कारण नंतर मला बोलवणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठंतरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल. आवाज कार्डात न्या, ढगात न्या, कुठंही न्या, माझी तक्रार नाही. पत्रा गंजतो, पट्टी विरते, मला ते तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. एकाच जागी सगळं ठेवू नका, तीन जागी ठेवा. पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे नुसत्या खुणा बघून ठरवू नका. आधी घरातल्या माणसांना एकेक वस्तू हातात देऊन विचारा. जे बोलतात त्यांना तर विचाराच, पण कोपऱ्यात बसून गप चिंचा फोडणारं जे माणूस असतं त्याला दोनदा विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा. माझ्यासारख्या पेट्यांना सगळं ठाऊक असतं, पण आम्ही सांगू शकत नाही.

पप्पूनं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक कोकरू ओरडलं. मग कुणीतरी खाकरलं, आणि त्या घोगऱ्या म्हातारीच्या घरात एका तरण्या बाईचा स्वच्छ गळा उठला.

मेंढरं पांगली गं, माळ झालाया पांढरा
काठी टेकून उभा, माझ्या जिवाचा आसरा

कोकरं आली दारी, वाडा लागला बोलाया
धनी गेले बाजाराला, कुणा पाठवू आणाया

सुकन्यानं आजीचा हात धरला. बायडाबाईनं पदर पार डोळ्यांवर ओढून घेतला होता, कारण पुढं काय येणार ते तिला ठाऊक होतं. आसाराम डोळे मिटून बसला होता. त्याचा एक हात माझ्या झाकणावर होता आणि त्या हाताचं ओझं मला घोडीच्या वाटेवरच्या दिवसांसारखं वाटत होतं. ओवी संपली. पट्टी फिरत राहिली. पप्पूला वाटलं संपलं, त्यानं बोट बटणाकडं नेलं. उज्ज्वलानं त्याला खुणेनं थांबवलं.

टेपमधून आवाज आला, अगदी हळू, कुणी ऐकत नाही ना हे बघून काढल्यासारखा.

"आसाराम... आसाराम, ऐकताय न्हवं?"

आणि डोळे न उघडता, जणू माळावर लांबून हाक आली असावी तशी, म्हाताऱ्यानं ओ दिली.